ईस्टरचं कार्टून: आधी बघायचं, मग काढायचं

गुड फ्रायडेला शाळा बंद असते. त्याला शनिवार-रविवार जोडून आले की मुलांच्या हाती सलग तीन दिवस लागतात. इंदूरमध्ये हे दिवस मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलात येतात. दुपारी गच्चीच्या फरशीवर पाय ठेवता येत नाही, परीक्षा संपलेल्या असतात, आणि वर्गात कुणीतरी ससा नि रंगीत अंड्यांबद्दल बोललेलं असतं. मग घरी आल्या आल्या फर्माईश होते, "आई, ईस्टरचं कार्टून लाव ना."

लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र कार्टून संपल्यावर मुलाच्या हातात काय द्यायचं ते आदल्या दिवशीच ठरलेलं असावं. मी गेली काही वर्षं सुट्टीत आमच्या गल्लीतली सात-आठ मुलं घरात जमवते. त्यातून मला कळलं ते असं, की सलग तीन कार्टून बघितलेलं मूल चिडचिडं होतं, आणि एक कार्टून बघून कात्री-कागद घेऊन बसलेलं मूल जेवायला हाक मारली तरी उठत नाही.

सुरुवात कालनिर्णयापासून करा. ईस्टरची तारीख दर वर्षी हलते, आणि का हलते हे आपल्या मुलांना चटकन समजतं, कारण त्यांना पौर्णिमा ठाऊक असते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार ईस्टरचा. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला होती आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे, म्हणजे होळीच्या पौर्णिमेपाठोपाठ आणि इंदूरच्या राजवाड्यावर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्याच आठवड्यात. चर्चची पौर्णिमा ठरलेल्या गणितानं काढतात, त्यामुळे एखाद्या वर्षी मेळ चुकतो. पण मुलांना पुढच्या दोन-तीन वर्षांचे ईस्टर शोधायला लावा, अर्धा तास मजेत जातो.

शुक्रवारी गंमत नको

गुड फ्रायडे हा ख्रिस्ती घरांत शोकाचा दिवस असतो. पुष्कळजण त्या दिवशी उपास करतात आणि दुपारी चर्चमध्ये प्रार्थनेला जातात. "हॅपी गुड फ्रायडे" असा निरोप शेजारी पाठवू नका आणि मुलांनाही हे सांगून ठेवा. लाल चर्च, व्हाइट चर्च ही नावं आपल्या मुलांच्या कानावर असतात, पण ती रिक्षावाल्याला पत्ता सांगताना. आत काय चालतं ते त्यांनी कधी विचारलेलं नसतं आणि आपणही सांगितलेलं नसतं. शुक्रवार त्यासाठी चांगला.

गोष्ट थोडक्यात सांगा. येशूला शुक्रवारी क्रुसावर चढवलं. त्याचा देह गुहेसारख्या कबरेत ठेवून तोंडाशी मोठी धोंड लावली. रविवारी पहाटे काही बायका सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या तर धोंड सरकलेली आणि कबर रिकामी होती. येशू पुन्हा उठला अशी ख्रिस्ती माणसांची श्रद्धा आहे, म्हणून मराठीत या सणाला पुनरुत्थानाचा रविवार म्हणतात. एवढं कानावर पडलं की अंड्याचा अर्थ मुलं आपण होऊन लावतात: बाहेरून दगडासारखं बंद, आणि आत जीव. अंड्याचं दुसरं कारण स्वयंपाकघरातलं आहे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे असतात. मध्ययुगातल्या युरोपात त्या दिवसांत अंडी खायला बंदी होती, पण कोंबड्या अंडी द्यायच्या थांबत नव्हत्या. चाळीस दिवसांची अंडी साठायची, ती सणाला रंगवून वाटली जायची. ससा मात्र बायबलमधल्या या गोष्टीत कुठेच नाही. तो जर्मन लोककथांतून आला आणि जर्मन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत पोचला. तिथून त्याला कार्टूनवाल्यांनी उचललं.

काय लावाल

सगळ्यात लहानांसाठी टॉम आणि जेरीचा 'हॅपी गो डकी' (१९५८). ईस्टरचा ससा दाराशी एक अंडं ठेवून जातो, त्यातून बदकाचं पिल्लू निघतं, आणि त्या पिल्लाला सारखं पाण्यात डुंबायचं असतं. काही मिनिटांचा खेळ. संवाद नावापुरते, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. डिस्नेचा 'फनी लिटल बनीज' (१९३४) त्याहून जुना. ससे चॉकलेटची अंडी घडवतात आणि इंद्रधनुष्याचे रंग बादल्यांत भरून घेतात. चित्र काढायला बसण्याआधी दाखवण्यासारखं यापेक्षा चांगलं मला अजून सापडलेलं नाही.

सहा-सात वर्षांच्या पुढे 'इट्स द ईस्टर बीगल, चार्ली ब्राउन' (१९७४) दाखवा. त्यात मार्सी नावाच्या मुलीला अंडी रंगवायला सांगितलेलं असतं, पण ती उकडायची असतात हे तिला माहीतच नसतं. मार्सी अंडी तळते, भाजते, शेवटी त्यांचं सूप करते. मुलं खदखदून हसतात. शेवटी स्नूपी सगळ्यांना अंडी वाटतो आणि चार्ली ब्राउनपर्यंत पोचेतो टोपली रिकामी होते. इथे थांबून "त्याला काय वाटलं असेल?" एवढं विचारा आणि गप्प बसा. मुलं जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

'राइझ ऑफ द गार्डियन्स' (२०१२) पूर्ण लांबीचा आहे. त्यातला ईस्टरचा ससा उंचापुरा, लढवय्या आहे आणि अंड्यांना चक्क पाय फुटतात. पण त्यात अंधाराचा एक खलनायक आहे, तो लहानांच्या स्वप्नात येऊ शकतो. आठ वर्षांखालच्या मुलाला एकट्यानं बघू देऊ नका. सणाची मूळ कथाच बघायची असेल तर 'द मिरॅकल मेकर' (२०००). येशूची गोष्ट त्यात तामार नावाच्या आजारी मुलीच्या नजरेतून सांगितली आहे. मुख्य कथा बाहुल्या हलवून केलेली, तर बोधकथा आणि मनातली दृश्यं हातानं काढलेल्या चित्रांची. दोन्ही तऱ्हा एकाच चित्रपटात बघायला मिळतात. क्रुसाचा प्रसंग त्यात आहे, म्हणून तोही मोठ्या मुलांसाठी, आणि तुम्ही शेजारी बसून.

जे लावाल ते आदल्या रात्री स्वतः बघून घ्या. ओळखीच्या पात्रांची नावं लावून भलतंच काही दाखवणारे व्हिडिओ खूप आहेत. आपोआप पुढचं सुरू होण्याची सोय बंद करा, कारण मुलाला उठवणं अवघड होतं ते तिच्यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे, की एक वर्षाच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको. सणासुदीलाही माझ्या घरी ही मर्यादा मोडत नाही.

गिरगावातलं एक पोरगं

कार्टून बघणारं मूल दुसऱ्या दिवशी काय करू शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. दादासाहेब फाळके आपल्या भालचंद्र नावाच्या मुलाला घेऊन गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर हलणारे प्राणी होते. पोरगं घरी येऊन आईला सांगू लागलं, कुणाला खरं वाटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं घर बघायला गेलं. सणाचे दिवस असल्यानं त्या दिवशी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता, आणि तो बघताना फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. ही हकिकत १९११ च्या ईस्टरच्या सुट्टीतली म्हणून सांगितली जाते. काहीजण ती आदल्या नाताळातली मानतात. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला, हे आपण सगळे जाणतो.

त्याच्या आधी फाळक्यांनी काय केलं ते मुलांना जरूर सांगा. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी पक्का केला आणि रोप वाढेल तशी एकेक चौकट टिपली. चित्रपट झाला 'अंकुराची वाढ'. तो दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. पुढे आगपेटीतल्या काड्या जराजरा सरकवत त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. म्हणजे वस्तू किंचित हलवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. आज ज्याला स्टॉप मोशन म्हणतात तेच हे, आणि तुमच्या मोबाइलवर ते फुकट होतं.

ईस्टरला वाटाण्यापेक्षा मूग सोयीचे, कारण ते तीन दिवसांत काम दाखवतात. शुक्रवारी सकाळी दोन मुठी मूग भिजत घाला. रात्री निथळून त्यातले दहा-बारा दाणे ओल्या कापसावर, बशीत, एकमेकांपासून सुटे ठेवा. उरलेले फडक्यात बांधा, त्यांचं काम वेगळं आहे. मोबाइल दोन उंच डब्यांच्या मध्ये, कॅमेरा खाली बशीकडे तोंड करून बसवा. बशीभोवती आणि डब्यांभोवती चिकटपट्टीनं खुणा करा, म्हणजे फोन आला नि मोबाइल उचलावा लागला तरी जागा चुकत नाही. खिडकीच्या उजेडात ठेवू नका. ऊन-सावली बदलते आणि फिल्म लुकलुकते. ट्यूबलाइटच्या खाली ठेवा. शनिवार-रविवार सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दर अर्ध्या तासाला एक फोटो. ही घड्याळाची जबाबदारी सर्वांत धाकट्यावर सोपवा, तो विसरत नाही. दोन दिवसांत पन्नासच्या वर फोटो होतात. सेकंदाला आठ या वेगानं ते जोडले की सहा-सात सेकंदांची फिल्म तयार. मधल्या रात्रीचे फोटो नसतात, त्यामुळे एका झटक्यात अंकुर एकदम लांब होतो. त्या क्षणी आमच्याकडच्या मुलांनी जो आरडाओरडा केला तो शेजारच्या वाड्यापर्यंत गेला होता.

कार्टूनवाली मंडळी साधारण सेकंदाला बारा चित्रं काढतात. त्यामुळे चोवीस पानांची उलटवही (फ्लिपबुक) केली तर बरोबर दोन सेकंदांचं कार्टून होतं. कागद पातळ नको. उरलेल्या लग्नपत्रिका सगळ्यात छान, आणि त्या प्रत्येक मराठी घरात गठ्ठ्यानं असतात. एकसारख्या चोवीस पट्ट्या कापा, एक बाजू जाड क्लिपनं आवळा. चित्र शेवटच्या पानापासून सुरू करा आणि मागचं चित्र बघत पुढचं काढत या. पहिल्या आठ पानांवर नुसतं अंडं, किंचित हलणारं. नंतर बारीक तडा, तो वाढत जाईल. आणि आतून काय निघेल ते मुलावर सोडा. पिल्लूच निघालं पाहिजे असं नाही. आमच्याकडे एका अंड्यातून मगर निघाली आणि एकातून घंटा वाजवत कचऱ्याची पिवळी गाडी.

चार-पाच वर्षांच्या मुलाला चोवीस चित्रं झेपत नाहीत. त्याच्यासाठी फिरकी करा. पुठ्ठ्याची वाटीएवढी चकती घ्या, एका बाजूला फुटलेल्या अंड्याचं कवच काढा, दुसऱ्या बाजूला पिल्लू. मात्र पिल्लू कवचाच्या उलट, डोकं खाली करून काढायचं. डाव्या-उजव्या कडेला भोकं पाडून दोरा ओवा, दोऱ्याला पीळ द्या आणि सोडा. चकती गरगरली की पिल्लू अंड्यात बसलेलं दिसतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातली मोठी माणसंसुद्धा या खेळण्यात रमत होती.

ससा काढायचा असेल तर पडद्यावरचा गुलाबी-पांढरा उतरवून घेऊ नका. आपल्या माळव्याच्या शेतांतला ससा तपकिरी असतो, कान लांब, आणि मानेवर मागे काळा डाग. तो डाग आला की चित्र आपल्या मातीतलं होतं.

अंडी नसलेल्या घरातली अंडी

आमच्या आळीत निम्म्या घरांत अंडं येत नाही. त्यानं काही अडत नाही. गुळगुळीत दगड, शाडूचे गोळे, वर्तमानपत्राच्या लगद्याचे लाडू, आंब्याच्या कोयी, सगळ्यांना अंड्याचं रूप येतं. इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर, ज्यांना सारं शहर गुरुजी म्हणायचं, त्यांनी वाळकी पानं, बिया, तुटक्या-फुटक्या वस्तू यांतून माणसं नि प्राणी उभे केले, आणि मुलांनाही ती नजर दिली. त्यांची पद्धत इथे वापरा. आधी काय करायचं ते ठरवू नका. दगड मुलाच्या हातात द्या, फिरवून बघू द्या, "यात कोण लपलंय?" एवढंच विचारा. एक टोकदार कोय कुणाला सशाचं तोंड वाटते, कुणाला आजोबांचं नाक. मग डोळे काढायचे, चिंचोक्याचे कान चिकटवायचे.

खरी अंडी वापरणार असाल तर रंग घरचेच घ्या. कांद्याची सालं उकळून विटकरी, बीटचा गुलाबी, हळदीचा पिवळा, आणि रंगपंचमीसाठी आणलेली पळसाची फुलं उरली असतील तर त्यांचा केशरी. रंगाच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की कवच रंग चांगला धरतं. एप्रिलच्या गरमीत उकडलेलं अंडं तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलं तर खाऊ नका. शोभेसाठी ठेवायचं असेल तर ते पोकळ करा. दोन्ही टोकांना दाभणानं भोक पाडून आतलं वाटीत काढायचं, पण तोंडानं फुंकून नको. कच्च्या अंड्यातून पोटाचे आजार होतात. सुई काढलेली सिरिंज घ्या, तिनं हवा भरली की बलक आपसूक बाहेर येतो. कवच साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा, बलकाची भुर्जी करा. हे काम मोठ्यांचं.

अंडी लपवण्याचा खेळ रविवारी सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर ठेवा. चॉकलेटची अंडी इथे चालत नाहीत, पस्तीस अंशांच्या आसपास ती पाघळतात. गोव्यात नि मुंबईत ख्रिस्ती घरांत काजूच्या नाहीतर बदामाच्या मार्झिपॅनची अंडी करतात. आपण काजूकतलीचं सारण तेवढंच घट्ट आटवून त्याची बोराएवढी अंडी वळू शकतो, केशर नि पिस्त्याचा हलका रंग देऊन. ती लपवायची नाहीत, मुंग्या लागतात. लपवायचे ते रंगवलेले दगड, आणि सापडलेल्या दगडामागे एक अंडं बक्षीस. खाऊ देण्याआधी कुणाला काजू चालत नाहीत का ते त्या मुलाच्या आईला विचारून घ्या. तीन वर्षांखालच्या बाळांना छोटे दगड, चिंचोके नकोत. दर मुलाला एकेका रंगाचे दगड ठरवून दिले तर मोठी मुलं सगळं पळवत नाहीत. किती लपवले ते कागदावर लिहून ठेवा. प्लॅस्टिकचं गवत, चमकीचा भुगा आणू नका. ज्या शहरात चार वर्षांचं मूलही ओला आणि सुका कचरा वेगळा करतं, तिथे सणानंतर काय वेगळं काढायचं हा प्रश्न पडता कामा नये. कवच ओल्यात, नाहीतर थेट तुळशीच्या कुंडीत.

एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करत नाही. बाजारात रंगवलेली कोंबडीची पिल्लं मिळतात, आणि कार्टून बघून मूल सशासाठी हट्ट धरतं. दोन्हींना ठाम नकार द्या. रंगात बुडवलेली ती पिल्लं फार थोडे दिवस जगतात आणि त्यांचं मरणं मुलाच्या ओंजळीत होतं. ससा आठ-दहा वर्षं जगतो, त्याला गरमी सोसत नाही, आणि इंदूरच्या मे महिन्यात बाल्कनीतल्या पिंजऱ्यात त्याचे हाल होतात. मुलाला तितकंच वाटत असेल तर आत्ताच गच्चीवर पाण्याचं पसरट भांडं ठेवायला सांगा. चिमण्या, साळुंक्या येतील, आणि त्यांची चित्रं काढता येतील.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर, दहा-अकराच्या सुमारास, ओळखीच्या ख्रिस्ती घरी मुलांना पाठवा. "हॅपी ईस्टर" म्हणायचं आणि आपण केलेली उलटवही हातात द्यायची. आमच्याकडची मुलं मागच्या वर्षी समोरच्या मावशींकडे गेली होती. मावशींनी मगरीची वही पाच-सहा वेळा उलटली, चष्मा पुसला आणि आतून रव्याच्या केकचा डबा आणला.

आणि फडक्यात बांधलेले मूग रविवारी रात्री सोडा. बशीतले कापसावरचे टाकून द्या, फडक्यातले धुऊन वाफवा. सोमवारी डब्यात कांदा, लिंबू, थोडा जिरावन मसाला घालून द्या. डबा उघडताना मूल बाजूच्या मित्राला सांगेल, की ह्यांची मी फिल्म काढली आहे.